ट्रॉलीतले सोळा हंडे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. कसाळहून मालवणकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कातळाचे सडे लागतात. त्यांतल्याच एका सड्याखालच्या वाडीत मी सकाळी सातला पोचले, तेव्हा लाकडांची दुसरी खेप उतरत होती. लहानसा ट्रॅक्टर गडग्याच्या खिंडीतून मागं मागं येत खळ्यात शिरला. ड्रायव्हरनं ट्रॉलीची मागची फळी सोडली आणि मांडीएवढे जाड ओंडके धडाधड खाली आले. घरातली चार माणसं ते उचलून पडवीच्या कडेला रचू लागली. पश्चिमेला ढग जमत होते. दोन दिवसांपूर्वीच एक सर येऊन गेली होती. मृग तोंडावर आला की कोकणात प्रत्येक घराला जी घाई सुटते, ती या घरालाही सुटली होती.

घरची आजी तेवढी स्वस्थ होती. ऐंशीच्या पुढची असावी. तिनं खाली वाकून दोन तुकडे उचलले आणि एकमेकांवर आपटले. भिजल्या मडक्यावर चापट मारावी तसा बद्द आवाज आला. तुकडे खाली ठेवून ती मला म्हणाली, "ह्या लाकूड न्हय गो बाय, पाणी हा ह्या."

मग आत गेली आणि गेल्या वर्षीचे, माळ्यावर राहिलेले दोन तुकडे घेऊन आली. ते आपटले तर टणटण वाजले. "सुका लाकूड वाजता, ओला गप रवता."

मी लाकडांवर लिहायला म्हणूनच त्या वाडीत गेले होते. कोकणातली आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मीठ-मिरची, सुकी मासळी, आमसुलं, कुळीथ यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. सरपणावर मात्र कुणी लिहीत नाही. जळायचीच वस्तू, तिच्यावर काय लिहायचं, असं वाटत असावं. पण आजीच्या त्या एका वाक्यानं माझ्या लेखाला दिशा दिली. पुढचं वर्षभर मी ज्या ज्या वाडीत गेले, तिथं लाकूड कधी तोडतात, कधी फोडतात, कधी घरी आणतात, एवढंच विचारत राहिले.

आधी एक शंका दूर करते. घराघरांत गॅस आला, मग लाकडं कशाला? उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली आणि तिनं गावांत सिलिंडर पोचवले, हे खरंच. पण 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भारतातली स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरं 43.2 टक्केच निघाली. आणि कोकणात जिथं गॅस आहे, तिथंही लाकूड गेलेलं नाही. चहा-पोळी गॅसवर होते, पण न्हाणीचं पाणी चुलाणावर तापतं. उकडा तांदूळ हवा तर भात आधी मोठ्या भांड्यात उकडावं लागतं, ते सिलिंडरवर करायचं कुणाच्या मनातही येत नाही. चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी आले की एका घरात तीस-पस्तीस माणसांचं जेवण होतं, तेव्हा मागीलदारची चूल पेटते. पावसात रस्ता खचला, गाडी आली नाही, की पुन्हा चूलच. आणि शेवटचं लाकूड लागतं ते स्मशानात. त्याबद्दल पुढं सांगते.

तेव्हा लाकूड जळणारच आहे. ते सुकं जळतं की ओलं, एवढाच प्रश्न उरतो. ओल्या लाकडाचा धूर कुणाच्या छातीत जातो, हे कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात श्रावणात पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. घरातल्या चुलीच्या, शेगडीच्या धुरामुळं जगात वर्षाला 32 लाख माणसं अकाली मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 सालचा अंदाज आहे. धूर सुक्या लाकडाचाही होतोच, तो निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. पण ओल्या लाकडाची चूल फुंकणीवर जगते. आणि जी बाई फुंकणी फुंकते तिचं तोंड चुलीपासून हातभर अंतरावर असतं.

लाकूड ओलं असणं म्हणजे नेमकं काय, ते मी स्वतः वजन करून पाहिलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या आवारातली आकेशियाची एक मोठी फांदी तोडली होती. तिचा दीड फुटाचा एक तुकडा फोडून, त्यावर खडूनं खूण करून मी ताणकाट्याला लावला. 4 किलो 100 ग्रॅम भरला. तो सड्याच्या बाजूला, चिऱ्यावर, वाऱ्यावर ठेवला आणि दर महिन्याला काट्याला लावत गेले. एप्रिल संपताना त्याच तुकड्याचं वजन 2 किलो 700 ग्रॅम होतं. म्हणजे एकट्या त्या तुकड्यातून जवळजवळ दीड लिटर पाणी उडून गेलं होतं. दिसायला तुकडा तेवढाच होता. फक्त दोन्ही टोकांना बारीक किरणांसारख्या भेगा पडल्या होत्या आणि साल सुटायला लागली होती.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. चुलीत घालण्याजोग्या लाकडात ते वीस टक्क्यांच्या आत असावं लागतं. शंभर किलो ओलं लाकूड तिथवर वाळवलं की बासष्ट-त्रेसष्ट किलो उरतं. बाकीचं सदतीस किलो पाणी होतं. हे पाणी उन्हात फुकट जातं. उन्हात गेलं नाही तर ते चुलीत जावं लागतं, आणि तिथं एक लिटर पाण्याची वाफ करायला पाचशे चाळीस किलोकॅलरी लागतात, पाणी उकळीपर्यंत तापवण्याचा खर्च वेगळा. चांगल्या वाळलेल्या किलोभर लाकडातून साडेतीन हजारांच्या आसपास किलोकॅलरी मिळतात. तेच लाकूड निम्मं पाणी घेऊन चुलीत गेलं तर दोन हजारही हाती लागत नाहीत. म्हणजे चूल पेटते, पण ती आधी स्वतःच्या लाकडाला सुकवत बसते. भाताला आधण यायला उशीर होतो तो त्यामुळं.

आता त्या सकाळच्या ट्रॉलीकडं पुन्हा बघू. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच. तिच्यात लाकडं रचली की मधल्या फटी सोडून जेमतेम साडेसहाशे किलो ओलं लाकूड बसतं. त्यातलं दोनशे चाळीस किलो पाणी असं, की जे लाकूड जानेवारीत तोडलं असतं तर एप्रिलपर्यंत आपोआप उडून गेलं असतं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सोळा हंडे. त्या वाडीनं डिझेल जाळून सड्यावरून सोळा हंडे पाणी खाली आणलं होतं, आणि त्या दिवशी ट्रॅक्टरच्या पाच खेपा व्हायच्या होत्या.

हे आधी असं नव्हतं. आजीच्या तरुणपणी भातकापणी, झोडणी उरकली की बायका सड्यावर जायला लागत. कार्तिक-मार्गशीर्षापासून ते शिमग्यापर्यंत. कोयतीनं तोडलेली, वेलीनं बांधलेली एक मोळी, वीस-पंचवीस किलोची. एका वेळी तेवढीच येणार, कारण डोकं एकच. घरी आली की ती खळ्याच्या कडेला उभी करून ठेवायची. दिवसाआड दुसरी. अशा साठ-सत्तर मोळ्या होईपर्यंत पहिल्या मोळीला चार महिन्यांचं ऊन मिळालेलं असे. लाकूड सुकवणं असं वेगळं काम कुणी करत नव्हतं. आणायला लागणाऱ्या वेळातच ते सुकत होतं.

"मी लगीन होऊन इलंय, तेव्हापासून डोक्यार फाटी हाडलंय," आजी म्हणाली आणि तिनं टाळूवर हात ठेवला. तिथले केस चुंबळीच्या आकारात विरळ झालेले आहेत. मान किंचित पुढं आलेली आहे. वाडीतल्या तिच्या वयाच्या बहुतेक बायकांची मान तशीच आहे.

म्हणून एक गोष्ट मी निक्षून सांगते. छोट्या ट्रॅक्टरनं या बायकांच्या मानेवरचं ओझं उतरवलं, हे फार मोठं काम झालं आहे. मोळी पुन्हा डोक्यावर यावी असं मला स्वप्नातही वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच की ट्रॅक्टरनं ओझ्याबरोबर वेळापत्रकही उचलून नेलं. सगळं लाकूड एका दिवसात येऊ शकतं हे कळल्यावर ते शेवटच्या दिवशी येऊ लागलं. मे महिन्यात पेट्रोलवरची करवत घेऊन माणूस येतो, दुपारपर्यंत झाडं आडवी होतात, दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लागतो, तिसऱ्या दिवशी ताडपत्री. चौथ्या दिवशी पाऊस. त्या लाकडाला ऊन असं मिळालेलंच नसतं.

कोकणात हा ट्रॅक्टर लाकडांसाठी आलेला नाही. बैल गेले म्हणून तो आला. आधी पॉवर टिलर आले, मग पंधरा-वीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर. महिंद्राचा युवराज 215 हा त्यातला पंधरा अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा. आमच्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या लहान तुकड्यांत, मोठा ट्रॅक्टर वळत नाही आणि गडग्याच्या खिंडीतून शिरतही नाही. हा शिरतो. पावसाळ्यात चिखलणी करतो आणि उन्हाळ्यात मालकाला रिकामा ठेवायचा नसतो, म्हणून शेणखत, चिरे आणि लाकडं वाहतो. एका वाडीत एक ट्रॅक्टर, आणि त्याला बोलावणारी तीस घरं. मे महिन्यात नंबर लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत हाच ट्रॅक्टर मांगराच्या सावलीत उभा असतो.

त्या दिवशीचा ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा होता. दुसऱ्या खेपेनंतर मी त्याच्याबरोबर सड्यावर चालत गेले. ट्रॉलीत बस म्हणाला नाही, ते मला आवडलं. त्यानं सांगितलं, "ताई, ट्रॉलीत माणूस घेत नाय मी. लाकडां हलली तर पाय सापडता." वर पोचल्यावर भरताना त्याचा हात बघण्यासारखा होता. जाड ओंडके तळाशी, आसाच्या किंचित पुढं. बारीक फाटी वर. मागं वजन जास्त झालं तर ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरचं बूड वर उचलते आणि मागच्या चाकांची पकड सुटते. फार पुढं झालं तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग वळेनासं होतं. भरून झाल्यावर त्यानं दोरखंड आडवा-उभा आवळला आणि दोन्ही ब्रेकची पेडलं मधल्या कडीनं एकमेकांना जोडली. शेतात वळताना एकाच बाजूचा ब्रेक लागावा म्हणून ती सुटी असतात. उतारावर सुटी राहिली आणि एकच दाबली गेली, तर ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो.

"चढाक भियाचा नाय, उताराक भियाचा," तो म्हणाला. खरं आहे ते. या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन टनाच्या आत. लाकूड आणि लोखंडी ट्रॉली मिळून मागचा भार जवळजवळ तेवढाच होतो, आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. उतारावर मागचा भार पुढच्याला ढकलतो. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा आणि पायथ्यापर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटली. आकेशियाची वाळकी पानं कातळावर पडलेली असतात, त्यांवरून चाक गुळगुळीत फरशीवर घसरावं तसं घसरतं. पाऊस पडून गेलेला असेल तर ड्रायव्हरला घाई करणाऱ्यानं आधी तो उतार स्वतः चालून बघावा.

अख्खा ओंडका साखळीनं ओढताना होणारे अपघात सर्वांत वाईट. साखळी नेहमी मागच्या खालच्या दांडीलाच अडकवायची. ती आसाला किंवा वरच्या दांड्याला अडकवली आणि ओंडका दगडाला अडला, तर चाकं फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरच पुढून उचलला जातो आणि ड्रायव्हरवर उलटतो. हे घडायला एक-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात उडी मारता येत नाही. गावोगाव ट्रॅक्टर विकत घेतले जातात, हे मात्र कुणी शिकवत नाही. त्या पोराला त्याच्या मामानं शिकवलं होतं.

परतताना मी त्याला विचारलं, हीच लाकडं मार्चमध्ये वाहिली असती तर? तो लगेच म्हणाला, "सुकी लाकडां हलकी, उंच रचून तीन खेपांत काम झाला असता. आणि मी मोकळाच असतंय तेव्हा." पाचाच्या तीन खेपा. ज्याचा ट्रॅक्टर तासावर चालतो, त्याला खेपा कमी झाल्याचा आनंद का व्हावा, असं मला वाटलं. तर म्हणाला, मे महिन्यात एवढी घरं रांगेत असतात की अर्ध्या लोकांना शेवटी नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हटलेली घरं वर्षभर बोलत नाहीत.

लाकूड कुठल्या महिन्यात सुकतं, याबद्दल आपल्याकडं एक गैरसमज आहे. मे सर्वांत तापतो, म्हणून मेमध्येच लाकूड वाळतं असं आपण धरून चालतो. किनारपट्टीवर ते खरं नाही. उन्हाइतकीच लाकडाला कोरडी हवा लागते, आणि कोकणात हवा कोरडी असते ती डिसेंबर ते मार्च. पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडं जो मतलई वारा वाहतो, तो घाटावरची कोरडी हवा घेऊन येतो. एप्रिलनंतर दुपारचे खारे वारे जोर धरतात आणि घामानं अंग चिकचिकतं. आपला घाम ज्या हवेत सुकत नाही, त्या हवेत लाकूड तरी कसं सुकणार? आणि एकदा पाऊस सुरू झाला की छपराखालचं ओलं लाकूड ओलंच राहतं. उलट कोरडं खडखडीत लाकूडही पावसाळी हवेतून थोडं पाणी परत शोषून घेतं. म्हणून जे काय सुकवायचं ते होळीपर्यंत.

पाणी लाकडातून कुठून बाहेर पडतं, हेही पाहण्यासारखं आहे. झाडात पाणी मुळाकडून शेंड्याकडं चढतं, त्या उभ्या नळ्यांतूनच ते बाहेरही येतं. म्हणजे कापलेल्या टोकांतून. आडव्या अंगानं, सालीतून, ते फार सावकाश निघतं. आठ फुटांचा अख्खा वासा वर्षभर उन्हात टाकला तरी आतून ओला राहतो. त्याचे दीड-दीड फुटांचे तुकडे करून फोडले तर तीन महिन्यांत काम होतं. फोडायचं तेही ओलं असतानाच. आकेशिया ओला असला की कुऱ्हाडीच्या दोन घावांत उभा चिरतो. सुकला की पाचर आणि घण घ्यावा लागतो.

रचण्याची एक पद्धत मला सड्याच्या पलीकडच्या वाडीत दिसली, ती मी सगळीकडं सांगत फिरते. एका काकांनी तोडलेली लाकडं घरी आणलीच नव्हती. जिथं तोडली तिथंच सड्यावर, चिऱ्यांच्या दोन ओळींवर सुपारीचे जुने सोट टाकून त्यावर एकेरी रांग रचली होती. कंबरेएवढी उंच, तोंड पूर्वेला. कापलेली टोकं वाऱ्याच्या बाजूला. वरच्या थराची साल आभाळाकडं, म्हणजे अवकाळी सर आली तर पाणी निथळून जावं. वर जुन्या पत्र्याचे दोन तुकडे, दगड ठेवून. बाजू उघड्या. मी हात घातला तर रांगेच्या आरपार वारा लागत होता. काका म्हणाले, "उंदीर जाईल पण मांजर अडकेल, एवढी फट ठेवायची."

याच्या नेमकं उलट आपण घरी करतो. भिंतीला टेकवून, तीन-चार थर एकामागं एक, आणि सगळ्यावर जमिनीपर्यंत निळं प्लास्टिक. आत लाकूड घाम सोडतं, तो प्लास्टिकला आतून थेंबांनी चिकटतो आणि पुन्हा लाकडावर पडतो. आठवड्याभरात पांढरी बुरशी. खालचा थर मातीला टेकलेला असला की वाळवी लागते, आणि ती मग घराच्या वाशांकडंही वळते. घरी आणलेल्या सुक्या लाकडाचीही तीच रीत हवी: खाली चिरे, भिंतीपासून वीतभर अंतर, वर छप्पर, बाजूला वारा. पावसाची झड येते त्या बाजूला नारळाचे झाप बांधावेत. झाप पाणी अडवतात आणि हवा जाऊ देतात. आमच्या आजोबांच्या काळच्या खोपी अशाच होत्या.

लाकडांच्या राशीत हात घालताना मात्र सांभाळून. फुरसं आणि विंचू, दोघांनाही अशा फटी प्रिय. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं पूर्वी किती मुलं दगावत, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांच्या कामामुळं जगाला कळलं आणि प्रॅझोसिन या औषधानं त्या दंशातून माणसं वाचू लागली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे म्हणून हात पुढं करू नये. रास काठीनं हलवावी, वरचा तुकडा आपल्याकडं ओढण्याआधी उलथून बघावा आणि हे काम दिवसाउजेडी करावं. रात्री न्हाणीच्या चुलाणासाठी अंधारात जाऊन हात घालणारी बाई प्रत्येक घरात आहे. त्या खोपीत एक दिवा टांगणं काही अवघड नाही.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत वर सरकलं, तेव्हा आमच्या आवारातला जुना रायवळ आंबा मुळासकट पडला. त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020 ला, निसर्ग वादळानं रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हेच केलं होतं. बागाच्या बागा आडव्या, आणि लाकूड एवढं की ठेवायला जागा नाही. आम्ही त्या आंब्याच्या फांद्या तोडल्या, बुंधा तसाच ठेवला. निवांत फोडू म्हटलं. तीन आठवड्यांत पाऊस लागला. चतुर्थीनंतर करवत लावली तर भुसा निघाला नाही, ओलसर चोथा निघाला. आंब्याचं लाकूड पावसात फार टिकत नाही. ज्या झाडाचे आंबे चार पिढ्यांनी खाल्ले, त्याचं सरपणही आम्हांला नीट करता आलं नाही, याचं दुःख मला अजून आहे. वादळानं पाडलेलं लाकूड वाचवायचं असेल तर ट्रॅक्टर नंतर, आधी करवत: तुकडे करायचे, फोडायचे, कसंही करून जमिनीपासून उचलून छपराखाली न्यायचे. सुकणं पुढच्या हिवाळ्यात. कुजणं मात्र तेवढ्यानं बरंच टळतं.

तोडायचं म्हणजे काहीही तोडायचं नाही, हे ओघानं आलंच. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यात ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर ही आपल्या परसातली झाडंही आहेत. स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी परवानगी लागते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर उच्च न्यायालयानं 2013 मध्ये वृक्षतोडीला बंदी घातली. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ऐन-किंजळ चुलीत घालणं मला पाप वाटतं. सामाजिक वनीकरणानं लावलेला आकेशिया सड्यासड्यांवर माजला आहे. त्याच्याखाली गवतही नीट उगवत नाही. तो तोडा. लवकर वाढतो आणि कोळसा चांगला धरतो. त्याशिवाय नारळाची सोडणं, करवंट्या, चुडतं, काजूच्या छाटणीच्या फांद्या. वाळकी चुडतं नीट साठवली तर नुसत्या न्हाणीला महिनाभर पुरतात.

सर्वांत जास्त लक्षात राहिली ती एका वाडीतली जुलैतली दुपार. एक वृद्ध गृहस्थ आदल्या रात्री गेले होते. तीन दिवस पावसाला खळ नव्हता. एका सरणाला तीनशे-चारशे किलो लाकूड लागतं. रीतीप्रमाणं आंबा तोडला, घराघरांतून फाटी गोळा झाली, ट्रॅक्टरनं ती स्मशानापर्यंत आणली. पत्र्याचं छप्पर होतं, पण लाकूड ताजं. अग्नी दिला तर धूर झाला, ज्वाळ येईना. डिझेल ओतलं, भडका उडाला आणि विझला. मग कुणीतरी धावत जाऊन घराघरांतून करवंट्या आणि सोडणं आणली. बायकांनी आपापल्या माळ्यांवरची, चतुर्थीसाठी जपलेली सुकी लाकडं उतरवून पाठवली. सकाळी नेलेल्या देहाला अग्नी नीट लागायला संध्याकाळ झाली. मुलगा पूर्ण वेळ पावसात उभा होता. कुणी कुणाला काही बोललं नाही.

पुढच्या जानेवारीत त्या वाडीनं एक काम केलं. सड्यावरचा आकेशिया तोडून, तुकडे करून, फोडून तिथंच रचला. शिमगा झाल्यावर एका रविवारी ट्रॅक्टरनं दोन खेपांत खाली आणला. ट्रॅक्टरवाल्यानं त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. स्मशानाशेजारी चिऱ्यांचे चार खांब उभारून वर पत्रे टाकले आणि दोन सरणांचं सुकं लाकूड तिथं लावून ठेवलं. दर वर्षी शिमग्यानंतर जुनं वापरायचं, नवं भरायचं. त्या लाकडाला घरच्या चुलीसाठी कुणी हात लावत नाही. तशी पाटी नाही, पण लावत नाही.

त्या खोपीतला एक तुकडा मी उचलून दुसऱ्यावर आपटून पाहिला. टणकन वाजला.

लाकूड विकत घेणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. वजनावर घेऊ नका. मे महिन्यात क्विंटलवर लाकूड घेतलं तर पैशांतले निम्मे पाण्याचे जातात. रचलेल्या राशीवर घ्या, लांबी-रुंदी-उंची मोजून. लाकूड सुकताना वजन झपाट्यानं उतरतं, आकार फारसा उतरत नाही. शक्य असेल तर जानेवारीत घेऊन आपल्या नजरेसमोर सुकवा.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा कार्तिक लागला असेल. भातं कापून झाली असतील, मतलई वाऱ्याला थोड्याच दिवसांत सुरुवात होईल आणि वाडीतला ट्रॅक्टर मांगराच्या सावलीत रिकामा उभा असेल. ज्यांच्या घरी अजून चूल पेटते, त्यांनी पुढच्या पावसाळ्याची लाकडं आत्ताच ठरवावीत. पौषापर्यंत तोडून, दीड फुटाचे तुकडे करून, फोडून, तिथंच चिऱ्यांवर रचून ठेवावीत. ट्रॅक्टरवाल्याला शिमग्यानंतरचा एक दिवस आजच सांगून ठेवावा. आणि वाडीच्या स्मशानाशेजारी एक खोप उभी करता येईल का, हे तुळशीच्या लग्नाला सगळे जमतील तेव्हा एकदा बोलून घ्यावं.